वायफाय दिसतंय, पण नेट नाही? आधी लाल दिवा बघा
फायबरचं कनेक्शन असेल तर राउटरवरचा एलओएस (LOS, म्हणजे सिग्नल येत नसल्याची खूण) लिहिलेला दिवा आधी बघा. तो लाल असेल तर वायरमधून नेट घेऊन येणारा प्रकाशच राउटरपर्यंत पोचत नाहीये, सेटिंगमध्ये शोधून उपयोग नाही. मागची बारीक, बहुधा पिवळी वायर कपाटामागे दाबली किंवा दुमडली गेली आहे का बघा; आत काच असते, लगेच तुटते. वायर ठीक दिसली तर सरळ तक्रार नोंदवा. दिवा लाल नसेल तर प्लॅनची मुदत तपासा, मग राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून चालू करा. टाचणीने दाबायचं रीसेटचं बटण मात्र अजिबात दाबू नका! कंपनीने भरलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जाऊ शकतं, आणि मग ते पुन्हा भरेपर्यंत नेट बंदच.