फुग्याला घाबरणाऱ्या मुलाची गोष्ट कशी लिहावी

माझा भाचा सात वर्षांचा. फुगा फुटेल या धास्तीने वाढदिवसाच्या खोलीत पाऊलच टाकायचा नाही. त्याच्यासाठी मी सहा प्रकरणांचं छोटं पुस्तक लिहिलं. तिसऱ्या खर्ड्यात जमलं, म्हणून सांगते.

भीती नेमकी कशाची, हे आधी मुलालाच विचारा. भीती फुग्याचीच, असं मी धरून चालले होते. तो म्हणाला, "मावशी, फुटायच्या आधी वाट बघावी लागते ना, ते नको वाटतं." मग सगळी गोष्ट मी त्या वाट बघण्याभोवती रचली.

आता त्या भीतीच्या पायऱ्या पाडा. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या चिमुकल्याबद्दल लिहिलं. तो आवडीचं खात असताना ससा आधी लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा. माझी प्रकरणं तशीच आहेत. पहिल्यात फुगा खणात, न फुगवलेला. दुसऱ्यात अर्धा फुगवून सोडलेला. तो पर्रर्र करत आजोबांच्या चष्म्यावर आदळतो. भाचा हसून लोळला. पीटरच्या खाऊचं काम इथे हसू करतं, म्हणून प्रत्येक पायरीवर ते हवंच.

पण हसायचं कशाला, हे फार जपा. पहिल्या खर्ड्यात मित्र नायकाची टर उडवत होते. भाच्याने वही मिटली, "पुढे नको." मी तो भाग काढून टाकला. आता हसू येतं ते नायकाच्या युक्त्यांचं: पोटाला उशी, डोक्यावर पातेलं, फुग्याशी रीतसर वाटाघाटी. शिवाय कोळी दिसला की आजोबाही खुर्चीवर चढतात. "त्यात काय घाबरायचं?" हे वाक्य कुणाच्याच तोंडी घालू नका.

भाषा सोपी, जोडाक्षरं कमी, प्रकरण एका बैठकीत संपेल एवढंच. एखादं वाक्य परत परत येऊ द्या. "थांबा, माझं पातेलं!" हे भाचा माझ्याआधीच ओरडायचा.

शेवटी भीती पार पळवून लावू नका. माझा नायक फुगा फोडत नाही. एका हातात दोरा धरतो, दुसऱ्या हाताने एक कान झाकतो. ते चित्र भाच्याने काढलं, तेव्हा दोन्ही कान झाकलेले होते आणि दोरा दातांत. मी गोष्टही तशीच बदलली.