काळ्या मातीचा रंग भिंतीला देण्याआधी

शेड कार्डावर ओल्या काळ्या मातीसारखा सुंदर दिसणारा गडद तपकिरी रंग भिंतीवर गेला की कधी कोळशासारखा, कधी जांभळट दिसतो. आमच्या जालन्याच्या घरात बैठकीची एक अख्खी भिंत त्यामुळे पुन्हा रंगवावी लागली. आता मी असं करते:

१. रंगाचा सर्वांत लहान डबा आणायचा. टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घेऊन त्याला आधी पांढरा प्रायमर, मग रंगाचे दोन हात. कडेला पांढरी पट्टी ठेवायची नाही. तिच्याशेजारी रंग आहे त्याहून गडद भासतो.

२. पूर्ण वाळल्यावर पुठ्ठा त्याच भिंतीला टेकवायचा आणि सकाळी, भर दुपारी, रात्री दिवा लावून बघायचा. ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्या लहान ठेवलेल्या जुन्या घरांत दुपारचं बघणं फार गरजेचं आहे.

३. रात्री बल्ब बदलून बघा. ६५०० केल्विनच्या (हे उजेडाच्या छटेचं माप) पांढऱ्या एलईडीत हा रंग मेल्यासारखा दिसतो, २७०० ते ३००० च्या पिवळसर उजेडात मातीची ऊब परत येते. खरं सांगायचं तर कित्येकदा रंग बरोबर असतो, बल्बच चुकलेला असतो.

शहाबादी फरशीचा तुकडा आणि पडदाही शेजारी धरून बघा.

एक मात्र सांभाळा: भिंतीला ओल किंवा लोणा असेल तर आधी ते दुरुस्त करा. गडद रंगावर क्षाराचे पांढरे डाग लांबूनही दिसतात.