डूमच्या चाहत्यांनी घडवलेले जुने नकाशे कसे वाचावेत आणि खेळावेत

'डूम' हा संगणकावरचा खेळ १० डिसेंबर १९९३ रोजी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एफटीपी सर्व्हरवरून (फाइल उतरवून घेण्याच्या संगणकावरून) प्रसृत झाला. त्याचे नकाशे (म्हणजे ज्यांत खेळायचे ते टप्पे), चित्रे व आवाज मूळ प्रोग्रामपासून वेगळ्या 'वॅड' फाइलमध्ये ठेवलेले असल्यामुळे चाहत्यांनी काही महिन्यांतच स्वतःचे नकाशे रचून इतरांना देण्यास सुरुवात केली. हा चाहतावर्ग समजून घ्यायचा असेल, तर अशा नकाशांच्या 'आयडीगेम्स' या इंटरनेटवरील संग्रहातून १९९४-९५ सालचा एखादा नकाशा उतरवून घ्यावा.

उतरवलेली झिप (एकत्र बांधलेली फाइल) उघडल्यावर खेळण्याची घाई करू नये. आधी त्याच नावाची टेक्स्ट फाइल वाचावी, कारण खरा ऐवज तिथेच आहे. ठरावीक नमुन्यात कर्त्याचे नाव, नकाशाला लागलेला वेळ, वापरलेले एडिटर (नकाशे रचण्याचे प्रोग्राम), माहीत असलेले दोष आणि साहाय्यकांचे आभार अशा नोंदी तिच्यात आढळतात. शेवटी, हा नकाशा आधाराला घेऊन इतरांनी नवा रचावा की नाही, हेही कर्ता स्पष्ट सांगतो. अनोळखी माणसांनी एकमेकांच्या श्रमांची अशी बूज राखावी, हे मला फार मोलाचे वाटते.

त्यानंतर 'चॉकलेट डूम' हा आजच्या संगणकांवर 'डूम' चालवणारा प्रोग्राम बसवावा, कारण तो मूळ खेळाच्या मर्यादा आणि दोषसुद्धा जसेच्या तसे राखतो. शेअरवेअर (फुकट वाटलेल्या, अपुऱ्या) आवृत्तीत बाहेरचे नकाशे चालत नाहीत, म्हणून विकत घेतलेल्या आवृत्तीची वॅड फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवावी. नकाशा 'डूम'साठी आहे की 'डूम २'साठी, हे टेक्स्ट फाइलमध्ये पाहावे. मग विंडोजवर नकाशाची फाइल ओढून प्रोग्रामच्या चिन्हावर सोडली, की खेळ सुरू होतो.