परागकणाची भिंत अभ्यासताना या चुका टाळा

जास्वंदीचा परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ते त्याचे काटे. कण मोठा, गोल, सगळीकडून काटेरी. पाहणाऱ्याला सहज वाटतं, की या कणाने स्वतःच्या रक्षणासाठी हे चिलखत स्वतःच घडवलं असणार. माझ्या अनुभवात निम्मे गोंधळ याच समजुतीतून सुरू होतात.

सगळी भिंत कणानेच बांधली, असं मानणं

भिंतीचे मुख्य थर दोन. आतलं इन्टाइन सेल्युलोज, पेक्टिन आणि प्रथिनांचं असतं आणि ते कण स्वतः तयार करतो. बाहेरचं एक्झाइन मुख्यतः स्पोरोपोलेनिन या अतिशय कणखर पदार्थाचं. त्याचे बहुतेक कच्चे घटक तयार होतात टॅपेटममध्ये, म्हणजे परागकोशाच्या आतल्या अस्तरात. हे अस्तर मातृवनस्पतीचं, द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) पेशींचं. थोडक्यात, कणाचा बाहेरचा अंगरखा आईच्या घरून आलेला असतो.

हा फरक प्रयोगात फार उपयोगी पडतो. बिघडलेलं अप्रभावी जनुक टॅपेटममध्ये काम करणारं असेल, तर विषमयुग्मी (एक प्रत चांगली, एक बिघडलेली) झाडाचे सगळेच कण चांगले निघतात आणि समयुग्मी (दोन्ही प्रती बिघडलेल्या) झाडाचे सगळेच बिघडतात. एकाच फुलात साधारण निम्मे कण चांगले आणि निम्मे वाईट दिसले, तर दोष कणाच्या स्वतःच्या जनुकात असण्याची शक्यता आधी तपासा.

उमललेलं फूल घेऊन भिंत कशी बनते ते शोधणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. फूल उमलतं तेव्हा बांधकाम कधीच संपलेलं असतं आणि ज्या परांचीवर ते झालं ती उतरवलेली असते. ही परांची म्हणजे कॅलोज, साखरेच्या रेणूंच्या साखळ्यांचा एक पदार्थ. अर्धसूत्री विभाजनाच्या सुमारास परागकणांच्या मातृपेशीभोवती कॅलोजचं जाड वेष्टन चढतं. मग तिच्यातून झालेल्या चार लघुबीजाणूंमध्येही (भावी परागकणांमध्येही) त्याच्या भिंती उभ्या राहतात. या वेष्टनाच्या आत प्रत्येक लघुबीजाणू प्रायमेक्झाइन नावाचा पातळ साचा घालतो. त्याचं पेशीपटल लाटांसारखं वरखाली होतं आणि ठरावीक जागी स्पोरोपोलेनिन साचू लागतं. तिथेच पुढे एक्झाइनचे खांब उभे राहतात. काटे, जाळी, खाचा यांचा आराखडा इथेच पडतो. नंतर टॅपेटममधून कॅलेज हे विकर येतं, कॅलोज विरघळतं आणि चार कण सुटे होतात. जाडी त्यानंतर वाढते.

या क्रमात वेळ चुकली की सगळंच बिघडतं. तंबाखूवरच्या 1992 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कॅलोज वेळेआधी विरघळेल अशी जनुकीय व्यवस्था केली होती. एक्झाइन नीट बनलं नाही आणि झाडांची परागक्षमता ढासळली. म्हणून कणाच्या नक्षीत दोष दिसला, तर फक्त स्पोरोपोलेनिन कमी पडलं असं लगेच ठरवू नका. वेगवेगळ्या लांबीच्या कळ्या घ्या, प्रत्येकीची अवस्था नोंदवा. अ‍ॅनिलीन ब्लू लावून अतिनील प्रकाशात पाहिलं की कॅलोज चमकतं. ही चमक कोणत्या अवस्थेत येते आणि कधी जाते, यावरून बहुतेक वेळा दोषाचा माग लागतो.

जननछिद्राला भोक समजणं

जननछिद्र म्हणजे कण रुजताना परागनलिका जिथून बाहेर पडते ती जागा. नावात छिद्र असलं तरी भिंत तिथे आरपार उघडी नसते. एक्झाइन पातळ असतं किंवा नसतंच, इन्टाइन मात्र बहुधा जाड असतं. अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीमध्ये आयएनपी1 हे प्रथिन पटलाच्या तीन पट्ट्यांवर गोळा होतं आणि तिथे एक्झाइन साचत नाही. हे प्रथिन नसेल तर छिद्रंच होत नाहीत. तरी अ‍ॅराबिडॉप्सिसचा कण भिंत फोडून रुजतो. मक्यात मात्र त्याच दोषाने परागनलिका बाहेरच पडत नाही. एका वनस्पतीचा निष्कर्ष दुसरीवर लादू नये, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

खाचेसारख्या लांबट छिद्रांमुळे आणखी एक फसगत होते. कण सुकताना खाचेपाशी आत दुमडतो, पाणी मिळालं की फुगून गोल होतो. एकाच फुलाचे लांबट आणि गोल कण पाहून ‘दोन प्रजातींची सरमिसळ’ अशी नोंद केलेली मी पाहिली आहे. मापं घ्यायची असतील तर सगळे कण एकाच माध्यमात ठेवा. ग्लिसरीन जेलीत कण हळूहळू फुगतात, सिलिकॉन तेलात आकार टिकतो.

‘अ‍ॅसिटोलिसिसनंतर नळीत काहीच उरलं नाही’

ही पद्धत म्हणजे कण आम्लाच्या मिश्रणात तापवून फक्त एक्झाइन मागे ठेवणं. स्पोरोपोलेनिन कणखर आहे, अविनाशी नाही. तीव्र ऑक्सिडीकरणात ते नष्ट होतं. दुसरं, सगळ्या परागकणांना जाड एक्झाइन नसतं. कर्दळीचं अगदी पातळ, दालचिनीच्या कुळातही तसंच, आणि झोस्टेरा या समुद्री गवताला ते नसतंच. अशा कणांवर अ‍ॅसिटोलिसिस केलं तर हाती काही लागत नाही. ते थेट रंगवून पाहा. जिथे ही पद्धत चालते तिथेही इन्टाइन आणि पेशीद्रव्य निघून जातं, तेव्हा त्या काचपट्टीवर ते शोधू नका.

मिश्रण 9 भाग अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड आणि 1 भाग संहत सल्फ्युरिक आम्लाचं. आम्ल थेंबाथेंबाने अ‍ॅनहायड्राइडमध्ये घालायचं, तेही फ्युम हूडमध्ये. पाण्याशी हे मिश्रण जोराने उसळतं, म्हणून नमुना आधी ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्लाने धुऊन पाणी काढून टाका. या एका पायरीत घाई करू नका.

कण रुजत नाहीत म्हणून भिंतीला दोष देणं

टॅपेटम मरताना त्यातली स्निग्धद्रव्यं आणि प्रथिनं एक्झाइनवर बसतात. अ‍ॅराबिडॉप्सिसच्या काही झाडांत यातली मेणद्रव्यं कमी पडतात. त्यांचे कण कोरड्या कुक्षीवर (स्त्रीकेसराच्या टोकावर) पाणी ओढू शकत नाहीत, पण हवा दमट ठेवली की फलधारणा होते. तेव्हा आधी आर्द्रता वाढवून पाहा.

अलेक्झांडर रंगात भिंत हिरवी आणि आतलं पेशीद्रव्य जांभळट लाल दिसतं. त्यावरून कण भरलेला आहे एवढंच कळतं, तो रुजेल की नाही हे नाही. त्यासाठी साखर, बोरिक आम्ल आणि कॅल्शियम असलेल्या माध्यमात रुजवण चाचणीच हवी. साध्या पाण्यात कण फुटले तर ते आत शिरलेल्या पाण्याच्या दाबाने. साखरेचं प्रमाण पायरीपायरीने वाढवत न्या आणि फुटणं कुठे थांबतं ते नोंदवा.