प्रिंटर सुचवण्याआधी पानांचा काउंटर बघा

आयटीआयचा हार्डवेअरचा ट्रेड करून किंवा नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानात हाताखाली राहून तुम्ही या लाइनमध्ये आलात, की लोक लगेच विचारू लागतात, "भाऊ, ऑफिससाठी कोणता प्रिंटर घेऊ?" उत्तरात कंपनीचं नाव घेऊ नका. आधी तीन गोष्टी विचारा. महिन्याला पानं किती निघतात, त्यात रंगीत किती, आणि मशीन सलग किती दिवस बंद राहतं?

सिव्हिल लाइन्समधल्या वकिलांकडे रोज काळी पानं निघतात, तिथे लेझरच द्या, म्हणजे टोनरच्या पावडरीवर चालणारा. धरमपेठेतल्या सीएकडे जुलैमध्ये रिटर्नची झुंबड असते आणि एरवी मशीन आठ-आठ दिवस झाकून ठेवलेलं असतं. तिथे इंक टँक, म्हणजे बाटलीतली शाई भरायचा प्रिंटर दिला, तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात शाई सोडणारं हेड सुकतं. मग हेड क्लीनिंग करावं लागतं. त्यात शाई जातेच, शिवाय ती वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये साचते आणि पॅडचा काउंटर भरला की मशीन छापायचंच थांबतं. ज्या क्लासेसमध्ये रोज रंगीत पानं निघतात, तिथे मात्र तोच इंक टँक वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतो.

आता खर्च. लेझरमध्ये एचपीचं १२ए कार्ट्रिज, म्हणजे टोनरचा डबा, २००० पानांचं, ८८ए १५०० पानांचं. पण हा आकडा पानावर ५ टक्के छपाई धरून काढलेला असतो, म्हणजे जेमतेम एखादं छोटं पत्र. भरगच्च अर्ज छापणाऱ्याला तेवढी पानं मिळत नाहीत, आणि हे त्याला खरेदीच्या आधीच सांगायला हवं. नाहीतर महिन्याभराने फोन येतो, "काऊन हो भाऊ, आत्ताच तर टोनर भरला होता ना?" एप्सनच्या ००३ च्या काळ्या बाटलीत ६५ मिली शाई असते आणि कंपनी तिची ४५०० पानं सांगते. ब्रदरच्या बऱ्याच लेझर मशीनमध्ये टोनर आणि ड्रम (ज्यावर आधी अक्षरं उमटतात तो रोल) वेगळे असतात, त्यामुळे ड्रमचा खर्च वेगळा धरावा लागतो.

हिशेब कागदावर मांडून दाखवा. समजा रिफिल ३०० रुपयांचं आहे आणि १५०० पानं निघाली, तर पानाला २० पैसे. ड्रम आणि तो पुसणाऱ्या ब्लेडला ४५० रुपये लागले आणि ते ४५०० पानं टिकले, तर आणखी १० पैसे. महिन्याला १५०० पानं काढणाऱ्याला पानामागे १० पैशांचा फरक वर्षाला १८०० रुपयांना पडतो. हे एकदा समोर दिसलं की स्वस्त मशीनचा हट्ट बहुतेक जण आपणच सोडतात. कार्ट्रिजवर चिप आहे का आणि त्या मॉडेलला रिफिल चालतं का, हेही तेव्हाच बघून घ्या.

टिकाऊपणाबद्दल दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा आपल्या वहीवर विश्वास ठेवा. प्रत्येक कॉलला कॉन्फिगरेशन पेज (मशीन स्वतःची माहिती छापून देतं ते पान) काढा आणि मॉडेल, पानांचा काउंटर, कोणता पार्ट गेला, एवढं लिहून ठेवा. काउंटर नसेल तर 'हे मॉडेल वाईट' या वाक्याला काहीच अर्थ नाही. ४००० पानांवर टेफलॉन, म्हणजे टोनर तापवून कागदावर पक्का करणाऱ्या फ्यूजरमधलं आवरण, फाटला तर शंका घ्या. ४०,००० वर फाटला तर मशीनने आपलं काम केलेलं आहे.

पार्ट बदलण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा. पान अर्ध्यात असताना दरवाजा उघडून कार्ट्रिज काढा. ड्रमवर अक्षरं नीट दिसली पण कागदावर फिकी आली, तर ड्रमवरचा टोनर कागदावर ओढणारा ट्रान्सफर रोलर बघा. कागदावर नीट आली पण बोटाने पुसली जातात, तर फ्यूजर. दर ७५ मिलिमीटरवर तोच ठिपका येत असेल तर १२ए मध्ये तो ड्रमचा असतो, कारण ड्रमचा व्यास २४ मिलिमीटर आहे.

नागपूरची एक गोष्ट मात्र कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवत नाही. एप्रिल-मेमध्ये ऑफिसात डेझर्ट कूलर चालतो आणि रिम नेमकी त्याच्याच झोतात ठेवलेली असते. कागद ओल धरतो. मग जॅम, सुरकुत्या, दोन-दोन पानं एकदम ओढली जाणं. कागद ओढणारा पिकअप रोलर आणि त्याचं पॅड मागवण्याआधी बंद रिम फोडून त्यातली दहा पानं टाकून बघा. ती सुरळीत निघाली, तर रोलरचे पैसे घेऊ नका. रिम पिशवीत बांधून कपाटात ठेवायला सांगा आणि ट्रेमध्ये दिवसभराला पुरेल तेवढाच कागद घालायला सांगा.

लेझर छोट्या यूपीएसवर लावलेला दिसला तर आधी काढा, फ्यूजर तापताना त्याचा भार यूपीएसला झेपत नाही. टोनर साफ करायला घरचा व्हॅक्यूम वापरू नका, बारीक पावडर त्याच्या फिल्टरमधून बाहेर येते. मास्क लावा आणि हात थंड पाण्यानेच धुवा.

एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, घेताना टेफलॉन, प्रेशर रोलर आणि ड्रम कोणाच्या खर्चात, हे शब्दांत लिहून घ्या आणि त्या दिवसाचा काउंटर कागदावर टाकून दोघांच्या सह्या करा.