विज्ञानकथेत देवांच्या तोडीची संस्कृती कशी उभी करावी

विश्वभर पसरलेली, मनात येईल तेव्हा तारा पेटवणारी नि विझवणारी संस्कृती कथेत आणायला निघालेल्या बहुतेकांचा पहिला खर्डा एकाच जागी अडतो. त्या लोकांना सगळंच जमतं. ज्यांना सगळं जमतं त्यांना मागायला काही उरत नाही, भांडायला कारण उरत नाही, आणि कथा जागच्या जागी बसते. माझीही पहिली कथा अशीच बसली होती. तेव्हापासून मी आधी त्यांचं सामर्थ्य मोजते आणि मग त्याला कुंपण घालते.

आधी ऊर्जा मोजा

निकोलाय कार्दाशेव या सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये संस्कृतींची प्रतवारी ऊर्जेवरून केली. एक ग्रहापुरती, दुसरी अख्ख्या ताऱ्याची ऊर्जा वापरणारी, तिसरी सबंध दीर्घिकेची, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाची (गॅलेक्सीची). पुढे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी हीच पट्टी दशांशांत आखली, तेव्हा मानवजात साधारण ०.७ वर आली. तुमची संस्कृती कुठे आहे ते ठरवा आणि त्या आकड्याचा अर्थ स्वतःला समजेपर्यंत पुढे जाऊ नका. सूर्य एका सेकंदात जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो, तेवढी आपल्या आजच्या वापराच्या वेगाने संपवायला सुमारे ६ लाख वर्षं लागतील. हा एक सेकंद डोक्यात बसला की ‘अफाट’, ‘अचाट’ असे शब्द लिहिण्याची गरज भासत नाही.

मग निरोपाला किती वेळ लागतो ते पाहा

नाशिककराला हे समजावणं सोपं आहे. आपल्याकडे घरातल्या गोष्टी सिंहस्थावरून आठवतात: वाड्याची भिंत मागच्या सिंहस्थात पडली, धाकटीचं लग्न त्याच्याही आधीच्या. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ; गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळजवळ १२ वर्षं लागतात, म्हणून हे कॅलेंडर आपसूकच आकाशाचं आहे. आता आपली आकाशगंगा घ्या. तिचा व्यास सुमारे १ लाख प्रकाशवर्षं. प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जात नाही, त्यामुळे एका टोकाचा निरोप दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत आठ हजारांहून जास्त सिंहस्थ होऊन जातात. शेजारची देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर, म्हणजे विचारून उत्तर यायला ५० लाख वर्षं. एवढ्या अवधीत विचारणाऱ्यांची भाषा उरेल का? विश्वव्यापी साम्राज्याचा एकच सम्राट, एकच हुकूम ही कल्पना इथेच सोडून द्या. त्याऐवजी एकमेकांना विसरत चाललेली भावकी लिहा.

प्रकाशाच्या वेगाची मर्यादा मोडायची असेल तर जरूर मोडा. पण तेवढा एकच नियम मोडा, आणि त्याची किंमत कोण भरतं ते कथेत दिसू द्या. विश्व प्रसरण पावतंय हेही लक्षात असू द्या. काही दीर्घिका अशा आहेत की आज इथून निघालेला प्रकाश त्यांच्यापर्यंत कधीच पोचणार नाही. देवांनाही क्षितिज असतं.

उष्णता लपवू नका

ताऱ्याभोवती ऊर्जा गोळा करणारं कवच उभारलं तरी वापरलेली ऊर्जा शेवटी उष्णता होऊन बाहेर पडतेच. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी १९६० मध्ये सुचवलं ते हेच: अशा संस्कृती शोधायच्या तर अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांत पाहा. तुमच्या संस्कृतीला लपायचं असेल, तर हा एक धागा अख्खी कथा ओढून नेतो.

शेवटी त्यांची वही लिहा

मला सगळ्यात प्रिय असलेलं काम हे, आणि ते मी नाशिकच्या पांडवलेण्यावर शिकले. १० क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत ब्राह्मी लेख आहे. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमचे ठेवले. त्यांतले २,००० गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे), दरमहा शेकडा एक व्याजाने; १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, पाऊण टक्क्याने. मुद्दल परत करायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं, आणि त्यातून भिक्षूंना चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, मिळायचं. क्षत्रप गेले, सातवाहन गेले. गोवर्धन गाव अजून गंगापूर रस्त्याला आहे, आणि दगडात तो पाऊण टक्का आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ तिथून हलले नाही, कारण सत्ता कशी होती हे मला विजयाच्या वर्णनांपेक्षा या हिशेबातून जास्त कळलं.

तुमच्या देवतुल्य संस्कृतीचीही अशी एक नोंद करा. कुणी ठेव ठेवली, कुणाकडे, कोणत्या दराने, कुणाच्या गरजेसाठी? उदाहरणार्थ: ‘तिसऱ्या बाहूतील विझत्या ताऱ्याची उरलेली ऊब बीज-रक्षकांच्या हवाली. मूळ ठेव मोडू नये. दर कल्पाला एक दाणा उगवून पाहावा.’ यातला कल्प आपल्या पुराणांतला, ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षांचा. मोठा काळ लिहिताना तो शब्द हाताशी आहे, वापरा.

वही घेऊन सकाळी ऊन चढण्याआधी लेण्यावर जा, त्या ओसरीत बसा आणि आधी ही नोंद लिहा. संस्कृतीचं नाव नंतर शोधता येईल.