एका हाताने, न बघता उघडेल असं बक्कल कसं आखावं

आईच्या कमरेच्या आधारपट्ट्याचं बक्कल मजबूत होतं, दिसायला नेटकं होतं आणि वर्षभरात एकदाही तुटलं नाही. पण ते तिला उघडता येत नव्हतं. संधिवाताने बोटांची पेरं सुजलेली, आणि बक्कल असं की दोन्ही बाजूंचे खटके एकाच वेळी चिमटीत दाबायचे. पट्टा पोटावर ताणलेला असला की खटके आणखीच घट्ट बसत. दिवसातून चारदा कुणाला तरी हाक मारावी लागे. तेव्हापासून घरातलं आणि हाती लागेल ते प्रत्येक बक्कल मी उघडून पाहिलं, काही कापून पाहिली, आणि शेवटी तिच्यासाठी एक तयार केलं. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने मांडतो.

एक इशारा आधीच देतो. गाडीचा सीटबेल्ट, उंचीवर काम करताना बांधायचा सुरक्षा पट्टा, गिर्यारोहणाचं हार्नेस, लहान मुलांची गाडीतली आसनं यांची बक्कलं घरी बनवू नका आणि त्यांत बदलही करू नका. इथली पद्धत कमरेचे पट्टे, पिशव्या, दप्तरं, आधारपट्टे, सामान बांधायच्या पट्ट्या एवढ्यापुरतीच आहे.

1. आधी हात बघा

कागद-पेन्सिल घेण्याआधी, जी व्यक्ती हे बक्कल वापरणार आहे तिला आत्ताचं बक्कल लावताना आणि काढताना शांतपणे बघा. मदत करू नका. कोणतं बोट वापरलं जातं, मनगट कुठे वळतं, मान खाली जाते का, दुसरा हात कशात गुंतलेला आहे, हे लिहून ठेवा. पोटाखालचं, पाठीमागचं किंवा हनुवटीखालचं बक्कल दिसत नाही, ते फक्त चाचपता येतं. हातमोजे, घाम, साबण, थंडीने बधिर झालेली बोटं यांचाही विचार इथेच करायचा.

पकडीतला फरक महत्त्वाचा आहे. अंगठा आणि तर्जनीच्या टोकांनी धरलेली चिमूट ही हाताची सर्वात अशक्त पकड. किल्ली धरतो तशी, म्हणजे अंगठ्याचं पेर तर्जनीच्या बाजूवर टेकवून धरलेली पकड तिच्याहून बरीच ताकदवान. आणि तळहाताच्या मुळाने दाबणं तर बोटं काम करत नसतानाही जमतं. त्यामुळे पहिला निर्णय आकाराचा नाही, हाताच्या कोणत्या भागाने दाबायचं याचा आहे.

जोराला मर्यादा घालून घ्या. अमेरिकेच्या 2010 च्या सुगम्यता मानकांत दरवाज्याच्या कड्या, नळ अशा हाताने चालवायच्या गोष्टींसाठी एक नियम आहे: एका हाताने चालल्या पाहिजेत, घट्ट पकडावं, चिमटावं किंवा पिळावं लागू नये, आणि 22.2 न्यूटनपेक्षा जास्त जोर लागू नये. तो नियम इमारतींसाठी आहे, पण बक्कलासाठी मला याहून चांगली मोजपट्टी सापडली नाही. हुकाच्या स्प्रिंग-वजनकाट्यावर हा जोर साधारण सव्वादोन किलो दिसतो. सुजलेल्या बोटांसाठी मी त्याच्या निम्म्यावर थांबलो.

2. तीन कामं सुटी करा

प्रत्येक बक्कल तीन कामं करतं: धरून ठेवणं, घट्ट-सैल करणं आणि सोडणं. वापरायला अवघड बक्कलांत ही कामं बहुतेक वेळा एकमेकांत अडकलेली असतात.

चामड्याच्या पट्ट्याचं काट्याचं बक्कल बघा. काटा भोकातून बाहेर काढायचा तर पट्टा आधी आणखी घट्ट ओढावा लागतो. म्हणजे सैल करण्यासाठी क्षणभर आवळून घ्यायचं! भरल्या पोटी हे सर्वांनीच अनुभवलेलं असतं, पण शस्त्रक्रिया झालेल्या किंवा कंबर दुखणाऱ्या माणसाला तोच क्षण नको असतो. शिवाय भोकं साधारण 25 मिलिमीटरवर असतात, त्यामुळे मनासारखा ताण क्वचितच मिळतो. मोटारसायकलच्या हेल्मेटवरच्या दोन इंग्रजी डी आकाराच्या कड्यांचंही असंच. धरायला त्या उत्तम, ताण हवा तेवढा जुळतो, पण पट्टीचं टोक दोन कड्यांतून आत-बाहेर ओवण्यासाठी नाजूक बोटं लागतात आणि हातमोजे काढावे लागतात.

म्हणून आखणी करताना ताण जुळवायची जागा एका बाजूला ठेवा आणि सोडायचा खटका दुसऱ्या बाजूला. ताण एकदा जुळवला की रोज त्याला हात लावावा लागू नये. रोजचं काम फक्त घालणं आणि सोडणं एवढंच उरलं पाहिजे.

3. भार एका दिशेला, बोट दुसऱ्या दिशेला

सगळ्या आखणीत मला हीच गोष्ट सर्वात मोलाची वाटते. पट्ट्याचा ताण ज्या दिशेने ओढतो, त्या दिशेने खटका हलता कामा नये. दोन्ही दिशा काटकोनात असल्या तर दोन फायदे होतात. ताण कितीही वाढला तरी तो खटका उघडू शकत नाही, आणि उघडताना बोटाला त्या ताणाशी थेट झुंजावं लागत नाही. बोटाला फक्त दोन पृष्ठभागांमधलं घर्षण आणि स्प्रिंग एवढंच हरवायचं असतं.

गाडीच्या सीटबेल्टचं बक्कल याचा धडा देतं. तीन ठिकाणी बांधलेला आजचा सीटबेल्ट नील्स बोहलिन या अभियंत्याने व्होल्वो कंपनीत आखला आणि 1959 मध्ये तो गाड्यांत आला. अशा बक्कलात धातूची जीभ पट्ट्याच्या दिशेने ओढली जाते, पण तिच्या भोकात अडकलेला तुकडा आडवा हलतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली क्रमांक 16 नुसार सोडायचं बटण लाल असावं लागतं, बक्कलाचा दुसरा कोणताही भाग लाल चालत नाही, आणि अपघाताच्या चाचणीनंतरही ते उघडायला 60 न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. आतली स्प्रिंग जिभेला बाहेर ढकलते, त्यामुळे नुसतं दाबलं तरी पुरतं, ओढावं लागत नाही.

तुमच्या आराखड्यावर दोन बाण काढा: ताणाचा निळा, बोटाचा लाल. ते समांतर असतील तर आराखडा बदला. पुढे सरकू नका.

खटक्याच्या दातालाही दोन उतार असतात. आत जाताना घासणारा उतार 25 ते 35 अंशांचा ठेवला की तो सहज आत सरकतो. अडवणारा पुढचा भाग जवळजवळ 90 अंशांत सरळ ठेवायचा. तो आतल्या बाजूला फार वळवला तर भाराखाली दात रुतून बसतो आणि सोडण्याआधी पट्टा आवळावा लागतो. म्हणजे काट्याच्या बक्कलाचाच दोष परत आला. माझ्या पहिल्या नमुन्यात हेच झालं होतं.

4. लवचीक भुजेचा हिशेब

प्लास्टिकच्या खटक्यात वेगळी स्प्रिंग नसते, भुजाच वाकते. ती किती जाड, किती लांब हे अंदाजाने ठरवू नका. गणित सोपं आहे.

भुजेच्या मुळाशी पृष्ठभाग मूळ लांबीच्या किती पट ताणला जातो, त्याचं सूत्र: 1.5 × जाडी × वाकणं ÷ (लांबी × लांबी). भुजा 20 मिलिमीटर लांब, 2 मिलिमीटर जाड आणि टोक 2 मिलिमीटर वाकणार असेल तर उत्तर 0.015, म्हणजे दीड टक्का. अ‍ॅसिटल प्लास्टिक हे रोजच्या उघडझापीत आरामात सोसतं. टोकाशी लागणारा जोर म्हणजे लवचीकतेचा गुणांक (प्लास्टिक किती ताठ आहे याचा आकडा) × रुंदी × जाडीचा घन × वाकणं ÷ (4 × लांबीचा घन). अ‍ॅसिटलसाठी गुणांक 2700 मेगापास्कल आणि रुंदी 6 मिलिमीटर धरली तर जोर साधारण 8 न्यूटन येतो. बोट टोकाऐवजी मुळाजवळ टेकलं तर जोर जास्त लागतो, म्हणून दाबायची जागा टोकाकडे ठेवा.

या सूत्रातले घन नीट बघा. जाडी दुप्पट केली की जोर आठपट होतो, लांबी दुप्पट केली की आठवा हिस्सा. बक्कल कडक वाटलं तर आधी भुजा लांब करा. जाडी कमी करणं हा दुसरा उपाय, कारण पातळ भुजा पट्टा ओढताना तुटण्याचा धोका वाढतो. आणि भुजेच्या मुळाशी कोपरा कधीही टोकदार सोडू नका. तिथे गोलाई दिली नाही तर तडा नेमका तिथूनच जातो.

एक भुजा की दोन? दोन्ही बाजूंनी दाबायचं बक्कल चुकून उघडत नाही, कारण एका धक्क्याने दोन्ही खटके दबत नाहीत. पण त्याला चिमूट लागते. समोर मध्यभागी एकच रुंद बटण असलेलं बक्कल अंगठ्याने, मुठीने, तळहाताने, कशानेही उघडतं. अशक्त हातांसाठी मी नेहमी मधलं बटण निवडेन. चुकून दाबलं जाऊ नये म्हणून बटणाभोवती कड लागते, पण ती चारही बाजूंनी उंच केली तर सुजलेला अंगठा आत जात नाही. धक्का ज्या बाजूने लागण्याची शक्यता आहे तेवढ्याच बाजूला कड उंच करा.

5. पट्टी सरकू न देणं

ताण जुळवायच्या भागात पट्टी दांड्यांभोवती वळसे घेते आणि घर्षणच तिला धरून ठेवतं. प्रत्येक वळशागणिक पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणाचा गुणांक 0.3 धरला तर अर्ध्या वळशाने सैल टोकावरचा ताण सुमारे 2.6 पट होऊन मिळतो, पूर्ण वळशाने 6.6 पट, दीड वळशाने जवळजवळ 17 पट. म्हणूनच एक दांडी जास्त घातली की सरकणारी पट्टी जागच्या जागी बसते. मात्र गुळगुळीत, चकचकीत विणीच्या पट्टीत गुणांक कमी असतो. ओली पट्टीही वेगळी वागते, म्हणून पट्टी भिजवून तपासाच.

खाच पट्टीच्या रुंदीपेक्षा एक-दीड मिलिमीटर मोठी पुरे. फार मोठी केली की पट्टी एका कोपऱ्यात गोळा होते. भार घेणाऱ्या दांडीच्या कडा कानसीने गोल करा, नाहीतर त्या पट्टीचे धागे कापत राहतात.

6. डोळ्यांशिवाय सापडलं पाहिजे

घालायच्या तोंडाला नरसाळ्यासारखा पसरट आकार द्या, म्हणजे जीभ चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे आली तरी आत घसरेल. जीभ उलटसुलट कशीही बसत असेल तर फारच उत्तम. बटणावर उंचवटा किंवा रेघा द्या आणि बाकी सगळा पृष्ठभाग सपाट ठेवा. बोटाला फरक तिथेच कळतो.

‘टक’ असा आवाज आणि हाताला जाणवणारा झटका दोन्ही हवेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अर्धवट बसलेलं बक्कल बसल्यासारखं वाटता कामा नये. अर्धवट असेल तर स्प्रिंगने ते बाहेरच ढकललं पाहिजे.

एका हाताने लावायचं असेल तर एक अर्धा भाग स्थिर हवा. दोन्ही अर्धे लोंबकळत असले की एक हात धरायलाच जातो. मी स्थिर भाग पट्ट्याच्या कडक अस्तरावर शिवून टाकला आणि अर्धी अडचण तिथेच संपली.

चुंबकाची बक्कलं आपोआप जुळतात, मला ती आवडतातही. पण चुंबकाने फक्त जुळवायचं काम करावं, भार यांत्रिक दाताने घ्यावा. आणि वापरणाऱ्याला पेसमेकर असेल तर चुंबक छातीपासून किमान 15 सेंटीमीटर दूर हवा. छातीवरच्या पट्ट्यात तो नकोच.

7. नमुना आणि परीक्षा

पहिला नमुना जाड पुठ्ठ्याचा करा. तो काहीच धरणार नाही, पण आकार हातात कसा बसतो हे अर्ध्या तासात कळतं. मग थ्री-डी प्रिंट. प्रिंट करताना भुजा आडवी झोपवा. उभी छापली तर थर एकमेकांपासून सुटून पहिल्याच वाकण्यात ती मोडते. छपाईच्या प्लास्टिकांपैकी पीएलए ठिसूळ पडतं, पीईटीजी किंवा नायलॉन बरं. शेवटच्या वस्तूसाठी मी अ‍ॅसिटल घेईन, कारण नायलॉन ओलावा शोषून किंचित फुगतं आणि जुळणी बदलते.

परीक्षा घेताना स्वतःचे हात विसरा. डोळे मिटून, एका हाताने, साबण लावून, हातमोजे घालून, वेगवेगळ्या वयाच्या माणसांकडून करून घ्या. बक्कलाला वजन टांगून, म्हणजे भाराखाली, ते उघडून बघा आणि त्या वेळचा जोर वजनकाट्याने मोजा. दिवसातून चारदा उघडलं तर वर्षाला 1460 वेळा होतं. निदान तेवढ्या वेळा उघडझाप करून भुजेच्या मुळाशी पांढुरकी रेघ दिसते का ते पाहा. दिसली तर भुजा लांब करायची वेळ आली आहे.

आईसाठीच्या चौथ्या नमुन्यात सगळं हिशेबाबरहुकूम होतं, तरी तिने बटण अंगठ्याने दाबलंच नाही. तिने तळहाताचं मूळ टेकवलं, आणि बटण चौकटीच्या पातळीत असल्यामुळे हात चौकटीवरच अडला. पाचव्या नमुन्यात बटण 3 मिलिमीटर उंच केलं आणि खालची कड पूर्ण काढून टाकली. तेच आजही पट्ट्यावर आहे.